तापीचे पाणी, उकाई आणि आमच्या ग्रामसभेचा ठराव

बुराईकाठ

नमस्कार मंडळी. आमचे गाव शिंदखेडा तालुक्यात, बुराई नदीच्या काठी आहे. नदी म्हणायची ती पावसाळ्यातल्या काही आठवड्यांपुरती, एरवी तिच्या पात्रात बैलगाडीची चाकोरी उमटलेली असते. येत्या ग्रामसभेत पाण्याबाबत ठराव घ्यायचा असून मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गावातील तरुणांनी सुचवलेले पहिले कलम असे : ‘तापीचे महाराष्ट्राच्या हक्काचे पाणी गुजरातमध्ये वाहून जाते, ते शासनाने तातडीने थांबवावे.’ टाळ्या मिळतील, यात शंका नाही. परंतु हक्काचे पाणी म्हणजे नेमके किती, ते कोणी ठरवले, ते थांबवायचे म्हणजे कोठे थांबवायचे, आणि थांबवले तरी ते आमच्या बांधापर्यंत चढणार कसे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. तापीवरच्या सुलवाडे बॅरेजला मी कार्तिकात उभा राहिलो, तेव्हा काठोकाठ पाणी होते, आणि त्याच आठवड्यात आमच्या विहिरीत मोटर पाऊण तास चालून हवा ओढू लागली होती. जाणकारांनी कृपया मदत करावी.

निवृत्त शाखा अभियंता

भाऊ, ठराव लिहिण्यापूर्वी तुम्ही विचारलेत हे बरे केलेत. थोडे विस्ताराने लिहितो.

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरचे असून त्यातील ५१,५०४ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के, महाराष्ट्रात आहे. मध्य प्रदेशाचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास आणि गुजरातचा जेमतेम ६ टक्के आहे. सभांमधून हाच आकडा ऐकवला जातो आणि त्यावरून ‘पाणी आमचे, मजा त्यांची’ असा निष्कर्ष काढला जातो.

तापीसाठी कृष्णेसारखा किंवा नर्मदेसारखा लवाद कधी बसला नाही, राज्यांनी आपसातील समझोत्यानेच वाटप केले. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला १९१.४० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलेले आहे. हे ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी आहे, म्हणजे साधारण चारपैकी तीन वर्षांत मिळेल अशा हिशेबाचे. चांगल्या पावसाच्या वर्षी त्याहून पुष्कळ जास्त पाणी वाहते आणि ते खाली जाते. ऑगस्टमध्ये भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची छायाचित्रे पाहून आपला जीव तुटतो, तो याच पाण्यासाठी.

आता दुसरा मुद्दा, जो सभेत कोणी सांगत नाही. हे १९१.४० टीएमसी एकट्या खान्देशाचे नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून येणारी पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तिच्या खोऱ्यातील सर्व धरणे याच वाट्यात मोजली जातात. गिरणेच्या वरच्या भागातील नाशिक जिल्ह्याचा वापरही त्यातच आला. त्यामुळे ‘गुजरात आपले पाणी पळवते’ असे म्हणताना आपल्याच राज्यातील वरच्यांचा हिशेब आधी मांडावा लागतो.

आणि तिसरा मुद्दा साठवणुकीचा. हतनूरची मूळ क्षमता ३८८ दशलक्ष घनमीटर, त्यात गाळ किती भरला ते भुसावळकरांना विचारावे. १९७२ साली पूर्ण झालेल्या, गुजरातमधील तापीवरच्याच उकाई धरणाची मूळ क्षमता ८,५०० दशलक्ष घनमीटरच्या घरात आहे. म्हणजे तापीच्या मुख्य पात्रावरचे आपले सर्वांत मोठे भांडे आणि त्यांचे भांडे यांत वीस पटींहून अधिक अंतर आहे. नदी उतरून आली की भांडे ज्याच्याकडे, पाणी त्याच्याकडे. यात चोरी कोठे आली, मला तरी दिसत नाही.

सातपुडा पायथा

साहेब, आपला आदर राखून सांगतो, हे सारे ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते, पण अखेर त्यातून गुजरातचीच वकिली होते. उकाईच्या फुगवट्याखाली नवापूर आणि नंदुरबार भागातल्या जमिनी गेल्या. आमच्या माणसांनी घरेदारे सोडली, आणि कालवे मात्र तिकडच्या उसाला आणि भाताला मिळाले. खोऱ्याचा ७९ टक्के भाग आमचा असेल, तर पाण्याचाही त्याच प्रमाणात वाटा मागण्यात गैर काय?

धुळ्याची वकील

दादा, विस्थापितांच्या दुःखाबद्दल दुमत नाही, परंतु क्षेत्रफळाच्या प्रमाणात पाणी, हा नियम भारतात कोठेही लागू झालेला नाही. आपण तो मागायला गेलो, तर काही ठिकाणी आपलेच नुकसान होईल.

आपल्या शेजारचीच नर्मदा घ्या. १९७९ च्या लवादाने नर्मदेचे २८ दशलक्ष एकर-फूट पाणी वाटले. मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५. राजस्थानचा तर नर्मदेच्या खोऱ्याशी संबंधही नाही, तरीही वाळवंटाची गरज पाहून त्याला आपल्या दुप्पट वाटा मिळाला. आपल्या पाव दशलक्ष एकर-फुटाचे १०.८९ टीएमसी होतात. अक्कलकुवा आणि धडगावचा डोंगर नर्मदेकाठी उभा असूनही ते पाणी आजवर आपण शेतीपर्यंत आणू शकलेलो नाही, आणि त्याला कोणाही शेजारी राज्याने अडवलेले नव्हते. त्या निवाड्याचे वाटप ४५ वर्षे बदलायचे नव्हते, ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली आहे. फेरविचार झालाच, तर ‘मिळालेले वापरलेत का’ हा पहिला प्रश्न आपल्याला विचारला जाईल.

आता उलट बाजू पाहा. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्यावर आपण वरचे होतो आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश खालचा होता. अवघ्या २.७४ टीएमसीच्या बंधाऱ्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. वरच्याने खालच्याचे पाणी ‘थांबवायचे’ ठरवले की काय होते, याचा तो धडा आपल्याच राज्याने घेतलेला आहे.

ठरावापुरते सांगायचे, तर राज्यघटनेचे कलम २६२ आणि १९५६ चा आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा यांनुसार असा तंटा राज्य सरकारनेच केंद्राकडे न्यायचा असतो. ग्रामसभा त्यात पक्षकार होऊ शकत नाही. ज्याला देता येत नाही, त्याच्याकडे मागणी करणारा ठराव थेट फायलीत जाऊन बसतो.

उधन्याचा खान्देशी

मी मूळचा शिरपूर तालुक्यातला, गेली पंचवीस वर्षे सुरतेत आहे. उधना आणि लिंबायत या भागांत निम्मी वस्ती आपल्याच माणसांची आहे, हे येथील सर्वांना ठाऊक असेल. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत (सेकंदाला ९ लाख घनफूट) विसर्ग झाला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आम्ही पहिल्या मजल्यावर तीन दिवस काढले. खाली शेजाऱ्याच्या लूमच्या खात्यात तेलकट पाणी मशीनच्या मानेपर्यंत आले होते, ते मला अजून दिसते.

सांगायचे एवढेच, की ‘जास्तीचे पाणी गुजरातला मिळते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते पाणी येथे दर वर्षी वरदान म्हणून येत नाही. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट आहे, पण पुराच्या धास्तीने पावसाळ्याच्या पूर्वार्धात ती खालीच ठेवावी लागते. वर महाराष्ट्रात साठवण वाढली, तर सुरतेला त्याचा त्रास नसून थोडा दिलासाच आहे. येथे कोणी आपल्या बॅरेजेसवर चिडलेले मी तरी पाहिले नाही.

केळीबाग, रावेर

वरच्या राज्याबद्दल कोणी बोललेच नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे नदी बुऱ्हाणपूरहून येते. खालच्याकडे पाहून आपण ओरडतो, पण मध्य प्रदेशाने उद्या जास्त पाणी अडवले, तर आम्हीच ‘खालचे’ होणार.

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी वापरायचे, त्यातील ११.७६ मध्य प्रदेशाला आणि १९.३६ महाराष्ट्राला, असे ठरले. मध्य प्रदेशात खारिया गुटीघाटला वळण बंधारा बांधून दोन्ही तीरांनी कालवे काढायचे आणि पाणी सातपुड्याच्या पायथ्याला मुरवायचे, अशी कल्पना आहे. महाराष्ट्रातील २,३४,७०६ हेक्टरला लाभ होईल, असे सांगितले गेले.

पायथ्याला पाणी मुरवण्यामागे कारण आहे. डोंगर संपतो तेथे दगडगोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे, ज्याला भूजलवाले बझाडा म्हणतात. पूर्वी सुकी, मोर, अनेर या नद्यांचे पाणी त्या थरात शिरत असे आणि खाली विहिरींना येत असे. आमच्या आजोबांची विहीर हाताने खणलेली होती आणि मोट चालायची. आज त्याच शेतात कूपनलिकेचा पाइप वाढवताना मिस्त्री ‘अजून दोन टाका’ म्हणतो, आणि पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीच्या एका एका झाडाला वैशाखात ठिबकने मोजून पाणी द्यावे लागते. हेक्टरी चार हजार तीनशेच्या आसपास झाडे धरा, म्हणजे रोजचा उपसा कळेल.

योजना चांगली आहे असे माझे मत आहे. पण जमिनीत मुरलेले पाणी कोणाच्या वाट्यात मोजणार? उताराच्या वरच्या गावाने कूपनलिकांनी उपसून घेतले, तर खालच्या गावाला दाद कोठे मागायची? कालव्याच्या पाण्याला निदान दरवाजा असतो.

पूर्णाकाठचा वऱ्हाडी

अभियंता साहेबांनी पूर्णेचे नाव घेतले, म्हणून एक ओळ. आमच्याकडचा खारपाणपट्टा पाहून मग खान्देशाने ‘वरच्यांनी पाणी खाल्ले’ म्हणावे. जमिनीखालचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही, म्हणून धरणाशिवाय आम्हाला पर्याय नाही.

गिरणा, शेवटची चारी

राज्याराज्यांचे वाद वाचून करमणूक झाली. आता एका जिल्ह्यातल्या दोन गावांचे ऐका.

गिरणा धरण १९६९ चे, उपयुक्त साठा १८,५०० दशलक्ष घनफूट. धरणाच्या वर चणकापूर, पुनद, हरणबारी, केळझर ही नाशिक जिल्ह्यातील धरणे आहेत. ती भरल्याशिवाय गिरणेत पाणी येत नाही, म्हणून आम्ही जळगावकर मालेगाव आणि कळवणकडे पाहून तेच बोलतो, जे तुम्ही सुरतेकडे पाहून बोलता. फरक इतकाच की तेथे आम्ही खालचे आहोत, म्हणून आमचे तत्त्व उलटे होते. वरच्याने खालच्यासाठी पाणी सोडलेच पाहिजे, असे आम्ही त्वेषाने म्हणतो.

पण खरी गंमत कालव्यावर आहे. मागे एका रब्बीत आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले. कागदावर आमच्या चारीला चार दिवस होते. पहिल्या रात्री मी आणि चुलतभाऊ बॅटरी घेऊन चारीवर गेलो. गव्हाला दुसरे पाणी द्यायचे होते. वरच्या बाजूला तीन किलोमीटरमध्ये अकरा ठिकाणी कालव्याच्या भरावावरून काळे पाइप आत सोडलेले मोजले. पाइपाच्या तोंडाशी पाणी ओढले जाताना एक घुटक्याचा आवाज येतो, अंधारात तो आवाज मोजत गेलो तरी हिशेब लागतो. रात्री दोन वाजता आमच्याही खालच्या शेतातल्या म्हाताऱ्या आबांचा फोन आला, ‘भाऊ, पानी उनं का?’ मी म्हणालो, ‘वाटेत आहे.’ चार दिवसांत ते पाणी आमच्या चारीच्या तोंडाशी दोन बोटे आले आणि आवर्तन बंद झाले. पाणीपट्टी मात्र पूर्ण क्षेत्राची आकारली गेली. लेखी तक्रार दिली, तेव्हा संबंधित कार्यालयातून उत्तर आले की नोंदीनुसार आपल्या चारीस पूर्ण दाबाने पाणी देण्यात आलेले आहे.

आणि कबूल करायला हवे, त्या अकरांतला एक पाइप माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा होता.

पांझरेचा फड

गिरणावाल्या भाऊंचे वाचून माझे आजोबा आठवले. पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शेतांचे तीन-चार मोठे फड. एका फडात सर्वांचे एकच पीक. एका वर्षी या फडात ऊस, त्या फडात भुसार, एखादा फड पाण्यावाचून सोडलेला. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, त्यामुळे उसाचा फड कोरडा ठेवायची वेळ आली, तर वरच्यालाही तितकाच चटका आणि खालच्यालाही तितकाच. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना मोबदला पिकातून. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही, म्हणजे पाटातून आपल्या शेतात पाणी वळवायचे नाही, हा नियम इतका कडक होता की आमच्या आजोबांनी स्वतःच्या भावाला त्यासाठी दंड भरायला लावला होता.

मग पद्धत मोडली का? वर धरणे झाली, विहिरींना इंजिने बसली, नदीचा बारमाही प्रवाह गेला. आणि ज्याची विहीर झाली त्याला फडाची गरज उरली नाही, हे मला सर्वांत मोठे कारण वाटते. पाणी तुटले तर सर्वांचे तुटावे, अशी रचना होती म्हणून सगळे बंधारा दुरुस्तीला यायचे. तापीच्या वाटपात दुष्काळाच्या वर्षी कोणी किती सोसायचे, हे तितके स्पष्ट असते, तर अर्धे वाद झाले नसते. नर्मदेच्या निवाड्यात ते ठरवलेले आहे. पाणी कमी पडले वा जास्त झाले, तरी चौघांनी ७३, ३६, २ आणि १ या प्रमाणात वाटून घ्यायचे.

सातपुडा पायथा

मान्य. माझे क्षेत्रफळाचे गणित मी मागे घेतो. पण मग अभियंता साहेबांनी हेही सांगावे, की वाटा असूनही आम्हाला पाणी का मिळत नाही? प्रकाशा आणि सारंगखेडा ही बॅरेजेस भरतात, त्यांच्या दोन्ही काठांची गावे मात्र टँकर मागतात.

निवृत्त शाखा अभियंता

आता आपण मूळ मुद्द्यावर आलो. तापी खोल दरीतून वाहते, शेते उंचावर आहेत. पाणी अडवणे हे अर्धेच काम आहे, उरलेले अर्धे ते चढवण्याचे.

एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला, पंपाची आणि मोटरीची मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुमारे ०.३९ युनिट वीज लागते. एका एकराला हंगामात ५० सेंटिमीटर पाणी दिले, तर अंदाजे २,००० घनमीटर होतात, म्हणजे ७८० युनिट. त्यात पाइपातील घर्षण आणि गळती धरलेली नाही. हे बिल कोणी भरायचे, हे न ठरवता उपसा योजना उभ्या राहिल्या. प्रकाशा आणि सारंगखेडा परिसरातील २२ सहकारी उपसा योजना अशाच बंद पडल्या. वीजबिल थकले, वीज तोडली, पंप गंजले, तांब्याची तार चोरीला गेली, आणि सभासदांच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा राहिला. बॅरेज नंतर झाले आणि त्यात पाणी आले, तेव्हा ते उचलायला जुन्या योजना जिवंतच नव्हत्या.

वर पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पाचे काम पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, त्याबद्दल मी सेवेत असताना बोललो नाही, आता काय बोलू.

एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. मघाच्या हिशेबाने, निम्मे पाणी वाटेत गेले असे धरले, तरी त्यात सात हजार एकर भिजतात. तुमच्या तालुक्याला दोन टीएमसी जरी खरोखर चढले, तरी चित्र पालटेल. त्यासाठी गुजरातशी भांडण्याची गरज नाही, प्रकाशा-बुराई उपसा योजना पूर्ण करून ती चालती ठेवण्याची गरज आहे.

धुळ्याची वकील

चालती ठेवण्याची, यावर जोर द्यावा. उद्घाटनाचा दगड बसवून घेणे सोपे असते.

बुराईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मसुदा नव्याने लिहिला आणि पहिले कलम काढून टाकले. तरुण मंडळी नाराज झाली, एकाने तर ‘तुम्हाला सुरतेहून फोन आला का’ असेही विचारले. गिरणाभाऊंच्या अकरा पाइपांची गोष्ट त्यांना वाचून दाखवली, तेव्हा बरेच हसले आणि मग गप्प झाले, कारण आमच्याही गावाच्या नळयोजनेवर पाणी ओढून घेणारे टिल्लू पंप आहेत.

आता मसुदा असा आहे : ‘प्रकाशा-बुराई उपसा सिंचन योजनेचे उर्वरित काम मुदत निश्चित करून पूर्ण करावे. योजना सुरू होण्यापूर्वी वीजबिलाचा शासनाचा आणि लाभधारकांचा हिस्सा लेखी ठरवावा. पाणी क्षेत्रावर न आकारता पंपगृहातील मीटरने मोजून पाणी वापर संस्थेस द्यावे. टंचाईच्या वर्षी सर्व गावांची कपात समान प्रमाणात करावी. आमचे गाव कपातीस आणि मीटरला आजच संमती देत आहे.’

शेवटचे वाक्य पांझरेच्या आजोबांवरून सुचले. काही चुकले असल्यास सांगावे, ग्रामसभा शुक्रवारी आहे.

निवृत्त शाखा अभियंता

एकच दुरुस्ती. ‘पंपगृहातील मीटर’ लिहू नका. तेथे मोजले, तर वाटेतली सगळी गळती तुमच्या बिलात येईल. ‘गावाच्या वितरण कुंडावरील मीटर’ असे लिहा.

गिरणा, शेवटची चारी

आणि तो मीटर वाचताना शेवटच्या शेतकऱ्यालाही तेथे बोलवावे, एवढे जोडा.

बुराईकाठ

दोन्ही जोडले.